शंभर फुटांवर उतरण्याआधी

जुन्या लढाऊ विमानाचा लो पास, म्हणजे जमिनीलगतची धाव, धावपट्टीच्या कडेला उभं राहून एकदा पाहिला की त्याचं वेड का लागतं हे कुणी सांगावं लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं २७ लिटरचं मर्लिन इंजिन शंभर फुटांवरून गेलं की आवाज कानांइतकाच छातीत घुमतो. वैमानिक रे हॅना यांनी १९९८ साली इंग्लंडमधल्या गुडवूडच्या शर्यतीच्या ट्रॅकवरून स्पिटफायर किती खालून नेलं, हे विमानवेडे आजही एकमेकांना रंगवून सांगतात. हा थरार टिकावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून वैमानिक आणि त्याच्या ग्राउंड क्रूसाठी ही यादी. माझ्या मते सरळ धावेपेक्षा जास्त धोका खाली येताना आणि नंतर वर जाताना असतो, त्यामुळे जास्त वेळ या दोन जागांना द्यायचा.

सगळ्यात आधी आकडे कागदावर उतरवावेत. ताशी ४८० किलोमीटर वेगाने विमान सेकंदाला सुमारे १३३ मीटर कापतं. शंभर फूट म्हणजे जेमतेम ३० मीटर. उतरण्याचा कोन फक्त ५ अंशांचा असला तरी हे ३० मीटर संपायला तीन सेकंदही लागत नाहीत. तेव्हा प्रेक्षकांसमोर पोचेपर्यंत उतरत राहायचं नाही. बरंच अलीकडे, सुरक्षित उंचीवर विमान सपाट करायचं आणि उरलेली उंची सावकाश सोडायची. सरावही तसाच करावा: आधी हजार फुटांवर, मग पाचशेवर, आणि तिथे हात बसल्यावरच आणखी खाली.

कसरतीही करायच्या असतील तर प्रत्येक कसरतीसाठी किमान वेग आणि किमान उंची लिहून पाठ करावी, आणि ती गाठली नाही तर काय करायचं तेही. २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या एअरशोमध्ये हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट एका कसरतीच्या माथ्यावर साधारण २,७०० फुटांवरच पोचलं. किमान ३,५०० फूट हवे होते. तरीही खालचा अर्धा भाग सुरू झाला. विमान शेजारच्या ए-२७ महामार्गावर आदळलं आणि ११ माणसं गेली. माथ्यावर आकडा कमी दिसला की कसरत सोडून द्यायची, ही सवय जमिनीवरच लावून घ्यावी लागते. उलटं लटकलेलं असताना नवा विचार सुचत नाही.

हवेत एकापेक्षा जास्त विमानं असतील तर कोण कुठल्या उंचीवर आणि कुठल्या रेषेवर, हे ब्रीफिंगमध्येच ठरलं पाहिजे. १२ नोव्हेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या डॅलसच्या एअरशोमध्ये पी-६३ किंगकोब्रा हे लढाऊ विमान आणि बी-१७ हे बॉम्बर हवेत धडकले, सहा जण गेले. ‘बघून सांभाळून घेऊ’ यावर मी तरी विसंबणार नाही; या विमानांच्या लांब नाकामागे आणि पंखांखाली आकाशाचे मोठाले तुकडे दिसतच नाहीत.

आदल्या दिवशी उड्डाणाची रेषा जमिनीवरून फिरून पाहावी. विजेच्या तारा हवेतून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधून नकाशावर खुणा कराव्यात. पक्षी कुठे बसतात ते स्थानिक लोकांना विचारावं. ठरलेल्या वेळी सूर्य कुठे असेल ते पाहावं. खाली शांत पाणी असेल तर किमान उंची वाढवावी, कारण आरशासारख्या पाण्यावर डोळ्यांना उंचीचा अंदाज येत नाही. वारा प्रेक्षकांच्या दिशेने असेल तर वळण त्यांच्याकडे सरकतं, तेही हिशेबात धरावं.

सकाळी अल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र. दाबात एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे ८ मीटर. तीन हेक्टोपास्कल चुकले की २५ मीटर गेले, म्हणजे तुमची जवळजवळ सगळी उंची! विमान उभं असताना सुई बरोबर दाखवते का, हे दोघांनी वाचून पाहावं.

मग कॉकपिट, आणि इथे घाई अजिबात नको. स्पिटफायरमध्ये वैमानिकाच्या पायाखाली फरशी नसते. हातातून सुटलेलं पेन थेट विमानाच्या पोटात जातं, तिथे कंट्रोलच्या केबल आणि दांडे असतात. म्हणून बसण्याआधी सगळे खिसे रिकामे करायचे. मेकॅनिकने टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन सीटखाली कोपरान् कोपरा पाहायचा, हात पोचेल तिथे बोटांनी चाचपायचं आणि पेटीतली अवजारं मोजून परत ठेवायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत उड्डाण नाही.

इंजिन सुरू करण्याआधी रडर ट्रिम (शेपटीवरचं सुकाणू कुठल्या बाजूला लावून ठेवलंय ते) पाहा. मर्लिनचं स्पिटफायर जोर दिला की डावीकडे ओढतं, ग्रिफन या नंतरच्या इंजिनाचं उजवीकडे, कारण त्याचा प्रोपेलर उलटा फिरतो. दोन्ही उडवणाऱ्याने हे मोठ्याने म्हणूनच घ्यावं. स्पिटफायर जमिनीवर लवकर तापतं, तेव्हा सुरू केल्यावर रांगेत ताटकळावं लागणार नाही अशी वेळ आयोजकांकडून आधीच पक्की करावी. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारं यंत्र), तेलाचा दाब, कूलंटचं तापमान: एकही काटा शंकास्पद वाटला तर इंजिन बंद.

इंजिन बंद पडलं तर काय, हा प्रश्न धावेच्या प्रत्येक टप्प्यासाठी सोडवून ठेवावा. ताशी ४८० किलोमीटर वेग असेल तर तो खर्चून कागदावर सहाशे मीटरहून जास्त उंची मिळते. हवेचा अवरोध आणि नुसता फिरणारा प्रोपेलर त्यातली बरीच खातात, पण शेत निवडायला वेळ उरतो. वेग नसेल तर काहीच उरत नाही. म्हणूनच चाकं काढून, हळू आणि खालून केलेला पास मला वेगवान पासपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. उतरता येतील अशी मोकळी शेतं दोन्ही टोकांना आधीच हेरून ठेवा.

पासनंतर आधी वर चढायचं, मग वळायचं. उंची राखून ६० अंशांच्या वळणात २ जी (वजनाच्या दुप्पट जोर) लागतात आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो वेग, ४१ टक्क्यांनी वाढतो. ७५ अंशांना तो जवळजवळ दुप्पट होतो. टाळ्या पडल्या म्हणून यादीबाहेरचा आणखी एक पास घ्यायचा नाही, हे उड्डाणांवर देखरेख करणाऱ्या डिस्प्ले डायरेक्टरलाही आधीच सांगून ठेवावं. झोप अपुरी असेल किंवा मन ठिकाणावर नसेल तर कार्यक्रमातून नाव काढून घ्यावं आणि कुणी त्याचं कारण विचारू नये.

उतरल्यावर इंजिन बंद करून जी-मीटरची नोंद लगेच लॉगबुकात करावी, मर्यादा ओलांडली असेल तर मेकॅनिकला स्पष्ट सांगावं, आणि पुढच्या उड्डाणाआधी पंखांच्या जोडांची तपासणी मागून घ्यावी.