परड्यातल्या फणसाची काथवट: लेथवर मोठे लाकडी भांडे कसे कातावे

भाकरीचे पीठ मळण्याची काथवट पूर्वी सुतार वाकसाने (आडव्या पात्याच्या तासणीने) एकसंध लाकडातून कोरून देत असे आणि ती एका घरात दोन-तीन पिढ्या सहज चाले. हीच वस्तू आज लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून त्यावर हत्यार धरण्याच्या यंत्रावर, कातून करता येते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यात असंख्य झाडे आडवी केली, त्यांत आमच्या परड्यातला फणसही होता. त्याचे बरेचसे लाकूड सरपणात गेले. एका ओंडक्याची मात्र १६ इंच, म्हणजे सुमारे ४० सेंटीमीटर व्यासाची काथवट झाली. पुढील माहिती त्याच कामाच्या आधारे दिली आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहावी. झाडे तोडण्याच्या नियमनासंबंधीच्या महाराष्ट्रातील १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत आंबा व फणस ही दोन्ही झाडे येतात. त्यामुळे झाड स्वतःच्या जागेतले असले तरी ते तोडण्यापूर्वी किंवा त्याचे लाकूड हलवण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी. फणसाचे लाकूड या कामाला उत्तम असते. ते फार जड नसते, त्याला चांगली झिलई येते आणि ताजे कापल्यावर दिसणारा त्याचा हळदी पिवळा रंग उजेडाने हळूहळू तपकिरी होत जातो. आंब्याचे लाकूडही चालते, पण त्याला बुरशी आणि भुंगा लवकर लागतो. म्हणून आंबा असेल तर कामाला लगेच लागावे.

ओंडका निदान ५० सेंटीमीटर जाडीचा निवडावा आणि काथवटीच्या व्यासापेक्षा दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटीमीटर जास्त लांब ठेवावा, कारण तडे टोकांकडूनच आत शिरतात. तोडल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना वितळलेले मेण फासावे. नंतर ओंडका मध्यातून उभा चिरून दोन अर्धुके करावीत आणि प्रत्येकाच्या सपाट बाजूवरून गाभ्यालगतचा दोन-अडीच सेंटीमीटरचा थर काढून टाकावा. हा थर वाया जातो असे वाटून मी पहिल्या खेपेस तो ठेवला होता. आठव्या दिवशी भांडे गाभ्यापासून काठापर्यंत उकलले.

चिरलेल्या सपाट बाजूवर कर्कटकाने वर्तुळ आखून कोपरे करवतीने उडवावेत. सपाट बाजू म्हणजे काथवटीचे तोंड आणि सालीकडची बाजू म्हणजे बूड. तोंडाच्या बाजूला फेसप्लेट (तुकडा लेथला जोडणारी लोखंडी चकती) किमान आठ जाड स्क्रूंनी बसवावी. हा भाग पुढे पोखरून जाणार असल्यामुळे स्क्रूंच्या भोकांची काळजी करण्याचे कारण नाही. असा ओला तुकडा १५ ते १८ किलो भरतो. त्यामुळे लेथ जमिनीला बोल्टांनी आवळलेला असावा आणि त्याच्या खालच्या आडव्या बेडपासून स्पिंडलच्या, म्हणजे तुकडा फिरवणाऱ्या दांड्याच्या, मध्यापर्यंत किमान नऊ इंचांची मोकळीक असावी. टेबलावरच्या लहान लेथवर हे काम करू नये.

वेगाच्या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान राहावा, हा कातकामातला ढोबळ नियम आहे. १६ इंचांसाठी वेग मिनिटाला साधारण ३७५ ते ५६० फेरे एवढा येतो. तुकडा अजून वेडावाकडा असताना त्याहूनही कमी वेगाने सुरुवात करावी. मिनिटाला ५०० फेरे ऐकायला थोडे वाटतात, पण तेवढ्यातही काठ ताशी सुमारे ३८ किलोमीटर वेगाने फिरत असतो. संपूर्ण चेहरा झाकणारे कवच घालावे, हातमोजे मुळीच घालू नयेत, टेलस्टॉकचा (तुकड्याला समोरून टेकू देणाऱ्या भागाचा) आधार शक्य तितका वेळ ठेवावा आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी तुकडा एकदा हाताने पूर्ण फिरवून तो टूल रेस्टला, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीला, घासत नाही याची खात्री करावी.

बाहेरचा आकार बाउल गाउजने (भांडी कातण्याच्या पन्हळी पटाशीने) बुडाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे कातावा. खांब कातताना वापरतात ते रफिंग गाउज येथे चालत नाही. त्याची दांड्यात बसवलेली शेपटी बारीक असते आणि आडव्या तंतूंच्या झटक्याने ती मोडते. गाउजच्या धारेमागचा उतार आधी लाकडावर टेकवावा आणि मगच मूठ किंचित उचलून धार लागू करावी. धार नीट लागली की सुरुवातीचा ठकठक आवाज सरून अखंड सळसळ ऐकू येते आणि ओल्या फणसाच्या लांब पिवळ्या फिती खांद्यावरून मागे पडू लागतात. चीक हत्याराला चिकटतो. तो खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसत राहावे. बुडाला चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यांच्या पकडीत, धरण्यासाठी १३ ते १६ सेंटीमीटर व्यासाची आणि सुमारे एक सेंटीमीटर उंचीची बैठक ठेवावी. ती चकच्या तळाला टेकता कामा नये. तिचा खांदा जबड्यांवर घट्ट बसला पाहिजे.

मग तुकडा उलटून चकमध्ये धरावा आणि आतून, या वेळी काठाकडून मध्याकडे, पोखरावा. भिंत व्यासाच्या एक दशांश, म्हणजे चार सेंटीमीटर जाड ठेवून येथे थांबावे. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जेवढे आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आक्रसते. त्यामुळे गोल भांडे लंबगोल होते आणि ते पुन्हा गोल करण्यासाठी ही जाडी हाताशी लागते.

कच्च्या काथवटीला बाहेरून मेण लावून, ती तिच्याच भुशासह गोणपाटात गुंडाळून वाऱ्यापासून दूर ठेवावी. दर पंधरा दिवसांनी वजन करून ते बुडावर पेन्सिलीने लिहावे. कोकणातला पावसाळा यात जवळजवळ फुकट जातो. आमच्या काथवटीचे वजन स्थिर व्हायला अकरा महिने लागले आणि त्या काळात घरातल्या प्रत्येकाने ती कधी होणार हे विचारून घेतले.

वाळल्यावर बैठक वाकडी झालेली असते. म्हणून काथवट चक आणि टेलस्टॉक यांच्यात दाबून धरावी, प्रथम बैठक पुन्हा गोल करावी आणि मग बाहेरची बाजू पूर्ण करावी. आतली बाजू टप्प्याटप्प्याने घ्यावी: काठाजवळचे पाच सेंटीमीटर अंतिम जाडीला, सुमारे १५ मिलिमीटरला, आणावेत आणि मगच खाली उतरावे. पातळ झालेला काठ थरथरतो, त्यावर पुन्हा हत्यार लावू नये. काथवटीचा तळ रुंद व जवळजवळ सपाट आणि कडा बाहेर झुकत्या असाव्यात. माझ्या आईने कच्च्या भांड्यात पीठ मळण्याचा अभिनय करून पाहिला आणि बोटांची पेरे कडेला आपटतात असे सांगितले. नकाशावर बरी दिसणारी उभी कड त्यानंतर मी बदलली.

१०० पासून ३२० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासावे. ही धूळ बारीक असते, तेव्हा मुखपट्टी हवीच. शेवटी खाण्याचे शुद्ध जवसाचे तेल पातळ चोळून, जादा तेल पुसून दोन-तीन आठवडे मुरू द्यावे. रंगाच्या दुकानातील ‘बॉईल्ड’ तेलात धातूंचे क्षार असतात, ते पिठाच्या भांड्याला नको. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकल्यास ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत. सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी लाखेची झळाळी मोहात पाडते, पण कोमट पाण्याने मळल्या जाणाऱ्या कणकेखाली ती नसावी.

बुडाखाली झाडाचे नाव, ते पडल्याचे साल आणि काथवट कातल्याचे साल तापल्या सळईने कोरावे. धुतल्यावर काथवट उन्हात ठेवू नये. ती सावलीत भिंतीला टेकवून उभी वाळवावी. पालथी घातली तर ओल आत कोंडते आणि तळाला काळे डाग पडतात.