साताऱ्यातली एकसारखी फुलपाखरं वेगळी कशी ओळखायची

पावसाळा सरता सरता यवतेश्वरच्या घाटात, अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर किंवा घरच्या परसातही ओळख चुकते ती बहुतेक वेळा रंगावर भरवसा ठेवल्यामुळे. बिनविषारी फुलपाखरं विषारी फुलपाखरांचा नेमका रंगच उचलतात, म्हणजे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. नक्कल उघडी पडते ती ठिपक्यांत, पंखाच्या कडेत आणि अंगाच्या रंगात.

रुईच्या आसपास उडणारं नारिंगी, पुढच्या पंखाच्या टोकाला काळं-पांढरं असलेलं फुलपाखरू प्लेन टायगर असतं किंवा त्याची नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादी. इथं मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजा. प्लेन टायगरच्या मादीला पंखाच्या मधल्या भागात तीन असतात, नराला चार. नराचा जादा ठिपका म्हणजे त्याची गंधग्रंथी. एगफ्लायच्या मादीला एकच ठिपका, तोही पंखाच्या वरच्या कडेला. चूक होते ती इथेच: पंख पसरून बसली की तिचा हा ठिपका पुढच्या पंखाखाली झाकला जातो. तो दिसेना म्हणून घाई करू नका, पंख मिटेपर्यंत थांबा. मिटलेल्या पंखांवर तो सहज दिसतो. तिच्या मागच्या पंखाची कडही थोडी दातेरी असते, प्लेन टायगरची गुळगुळीत. मादी अंडी घालताना सापडली तर काम सोपं होतं. प्लेन टायगर रुईवर घालते, एगफ्लाय घोळीच्या भाजीवर. काही एगफ्लाय माद्यांच्या पंखाच्या टोकाला काळं-पांढरं नसतंच, तरी एक ठिपक्याची खूण टिकते.

स्ट्राइप्ड टायगर यांच्यात मिसळू नका. त्याच्या नारिंगी पंखावरच्या सगळ्या शिरा जाड काळ्या असतात.

दुसरी जोडी परसातली. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर काळं, शेपटीवाल्या पंखाचं, मागच्या पंखावर पांढरे आणि लाल डाग असलेलं फुलपाखरू घिरट्या घालत असेल तर ती बहुधा कॉमन मॉर्मनची मादी. या मादीची तीन रूपं आहेत: एक नरासारखं, बाकीची दोन 'रोज' नावाच्या विषारी फुलपाखरांसारखी, एक कॉमन रोजसारखं, एक क्रिमसन रोजसारखं. पंखांवर वेळ न घालवता अंग बघा. रोज जातीच्या दोन्ही फुलपाखरांच्या अंगावर लाल रंग असतो, मॉर्मनचं अंग काळं. मात्र कॉमन रोज वरून पाहिली तर पाठ काळीच दिसते. लाली डोक्यावर, कडेला आणि पोटाच्या टोकाला असते, म्हणून फोटो बाजूने घ्या. क्रिमसन रोजचं पोट वरूनही लालभडक दिसतं, पुढच्या पंखावर ठळक पांढरे पट्टे असतात. रोज जातीची फुलपाखरं संथ, तरंगत उडतात. मॉर्मनचं उड्डाण चपळ. रोज फुलपाखरांच्या अळ्या सापसंदाच्या वेलीवर वाढतात, कढीपत्त्याशी त्यांचा संबंध नाही.

खुळखुळ्याच्या झुडपावर निळसर टायगर आणि काळपट तपकिरी क्रो जमतात. ब्लू टायगरचे फिके निळे पट्टे रुंद, डार्क ब्लू टायगरचे अरुंद, त्यामुळे दुसरं एकूण काळपट वाटतं. क्रोमध्ये पुढच्या पंखाची वरची बाजू दिसायला हवी: कॉमन क्रोच्या नराला गंधाचा एकच आखूड पट्टा, डबल-ब्रँडेडला दोन. मादीला पट्टा नसतो, म्हणून एवढ्या खुणेवर मादीचं नाव सांगू नका.

गवतातली छोटी पिवळी फुलपाखरं सगळ्यात अवघड. मिटलेल्या पंखांवर, पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाकडच्या, शिरांनी वेढलेल्या कप्प्यात बघा. दोन ठिपके म्हणजे कॉमन ग्रास यलो, तीन म्हणजे थ्री-स्पॉट. कोरड्या दिवसांतल्या पिढीत पंखाखाली विटकरी डाग वाढतात आणि पावसाळ्यातल्या फोटोशी तुलना फसते. म्हणून नोंदीत महिना लिहाच.

प्रत्येक फुलपाखराचे निदान दोन फोटो हवेत, एक पसरलेल्या पंखांचा, एक मिटलेल्या. कॅमेरा पंखाला समांतर धरा, तिरका धरला तर कडेचा भाग पुसट येतो आणि ठिपके मोजता येत नाहीत. सावली फुलपाखरावर पडू देऊ नका, ते उडून जातं. पंख बोटात धरू नका, खवले निघून खुणाच जातात. पंख झिजलेले असतील आणि ठिपके दिसत नसतील तर 'ग्रास यलो, जात अनिश्चित' असं लिहून ठेवा; अंदाजानं लिहिलेल्या नावापेक्षा ही नोंद जास्त उपयोगाची.