पाडलेल्या बंगल्यातल्या बोगनवेलीचं बोन्साय कसं करावं

पुण्या-नाशकात जुना बंगला पाडायला घेतला की जेसीबीचा पहिला दणका बहुतेक फाटकाजवळच्या बोगनवेलीलाच बसतो. 30-40 वर्षांची वेल, बुडाशी मांडीएवढी जाड, आणि दुपारपर्यंत ती राडारोड्याच्या ट्रकमध्ये. नर्सरीतलं रोप कुंडीत वाढवून एवढं खोड करायचं म्हटलं तर आपली पिढी सरेल. म्हणून हा बुंधा आयता उचलायचा.

स्पेन-इटलीत हाच उद्योग ऑलिव्हच्या बुंध्यांवर चालतो. शेतातून काढलेला म्हातारा बुंधा वरून-खालून छाटून कुंडीत लावतात आणि तो फुटतो. तेवढं जुनं ऑलिव्ह आपल्याला मिळणार कुठून? पण बोगनवेलही तितकीच चिवट. फरक लाकडात आहे. ऑलिव्हचं लाकूड टणक, त्याचा मेलेला भागही वर्षानुवर्षं टिकतो. बोगनवेलीचं तंतुमय नि पाणी शोषणारं. उघडं राहिलं की कुजायला लागतं. हे लक्षात ठेवलंत तर पुढच्या निम्म्या सूचना तुमच्या तुम्हालाच सुचतील.

बुंधा मिळवताना

मालकाला किंवा ठेकेदाराला आधी विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात, काट्यांना तेही वैतागलेले असतात. मात्र रस्त्याकडेचं, बागेतलं, रानातलं उभं झाड हौसेपायी खणायचं नाही. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, त्यासाठी राज्यात 1975 पासून कायदा आहे. आपण फक्त जे जाणारच आहे ते वाचवतोय.

फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा काळ उत्तम. थंडीत फुटवा रेंगाळतो, आणि जुलैच्या झडीत ताजी जखम सडते. पण जेसीबी काही आपला मुहूर्त बघून येत नाही. पावसाळ्यात बुंधा मिळाला तर छपराखाली ठेवायची सोय करा.

नखाने साल खरवडून बघा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर घ्या. तपकिरी नि कोरडं असेल तर कितीही देखणा बुंधा असो, सोडून द्या. बुडाशी रुंद, वर निमुळता आणि कुठेतरी वळलेला असा निवडा. सरळसोट खांबाचं पुढे काही होत नाही.

काढणं आणि छाटणं

चामड्याचे हातमोजे घालाच. आधी वरचा पसारा उतरवा. बुडाच्या रुंदीच्या साधारण 2 ते 3 पट उंची ठेवायची, पण पहिल्या दिवशी त्याहून 5 सेंमी वरच कापा, कारण कापलेल्या टोकापासून लाकूड थोडं खाली वाळत जातं. मग अर्ध्या हाताच्या अंतरावर पहारीने भोवताली चर खणा आणि मुळं करवतीने कापा. ओढून उपटायला गेलात तर मुळाबरोबर बुंध्याची सालही सोलून निघते. 10-15 सेंमी मुळं राहिली तरी पुष्कळ. जवळजवळ मुळंच नसलेला बुंधाही उबदार हवेत लागतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणा, त्याच दिवशी लावा.

घरी आल्यावर माती धुऊन टाका. फाटलेली, चिरडलेली मुळं धारदार करवतीने पुन्हा स्वच्छ कापा, खालच्या कापांना मुळं फुटण्याची पावडर लावा. वरचा काप किंचित तिरका ठेवून मेण किंवा जखमेवर लावायची पेस्ट फासा. तिथे पाण्याचा थेंबही साचता कामा नये.

भांडं कसलंही चालेल: भोकं पाडलेलं प्लॅस्टिकचं घमेलं, ग्रोबॅग. विटेचे 3 ते 6 मिलिमीटरचे तुकडे आणि जाडी वाळू निम्मी-निम्मी घ्या, ओल टिकायला मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). विटेची भुकटी चाळून फेका, नाहीतर ती तळाशी बसून निचरा बंद करते. शेणखत, माती आत्ता अजिबात नको. बुंधा सुतळीने भांड्याला करकचून बांधा. हललेल्या बुंध्याची कोवळी मुळं तुटतात. एकदा भरपूर पाणी घाला, वरून पारदर्शक पिशवी चढवा आणि उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. पुढचं पाणी वरचा थर कोरडा झाल्यावरच.

पालवी म्हणजे मुळं नव्हेत

2 ते 4 आठवड्यांत सालीतून लालसर डोळे फुटतात, आणि बहुतेक बुंधे मरतात ते इथेच. मीही मारलाय. माझ्या पहिल्या बुंध्याला महिन्याभरात बोटभर फुटवे आले. मी खुशीत पिशवी काढली, त्याला गच्चीच्या उन्हात मांडलं, वर खताचं पाणीही दिलं. तिसऱ्या दिवशी सगळी पालवी चिंध्यांसारखी लोंबत होती. उपटून पाहिलं तर खाली एकही मूळ नव्हतं. खोडात साठलेल्या शिदोरीवर ते फुटवे आले होते, आणि मी त्यांना बाजारहाटाला धाडलं!

तेव्हा भांड्याच्या भोकातून पांढरी मुळं डोकावेपर्यंत हात लावू नका. 2-3 महिने धरून चाला. मग पिशवीला एकेक भोक पाडत 10-15 दिवसांत ती काढा, आणि हळूहळू उन्हात न्या. खत त्यानंतर, तेही पातळ.

पहिलं वर्ष फुटवे मोकाट वाढू द्या, ते लांबले की खाली मुळं जाड होतात. नको त्या जागचे तेवढे काढा. ठेवायच्या फांद्यांना तार गुंडाळायची ती अर्धवट कोवळ्या असताना. पिकलेली फांदी वाकवताना काडकन मोडते. ॲल्युमिनियमची तार वापरा आणि दर आठवड्याला बघा, सालीत रुतायच्या आत कापून काढा.

वरचं वाळलेलं टोक दुसऱ्या उन्हाळ्यात कोरा, पाणी ओघळून जाईल असा उतार देऊन. ऑलिव्हसारखी खोल खोबणी इथे करू नका, एका पावसाळ्यात तिचा भुसा होतो. उथळ ट्रेमध्ये हलवायचं ते तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारी-मार्चमध्ये.

बहरासाठी रोज किमान 6 तास ऊन हवं. नत्राचं खत जास्त झालं तर नुसती पानं येतात. पानं जराशी मलूल होईपर्यंत पाणी रोखायचं नि मग द्यायचं, असं काही आठवडे केलं की रंग धरतो. (रंगीत दिसतात ती पानंच, खरं फूल म्हणजे मधली पांढुरकी नळी.) बहर ओसरला की फांद्या 2-3 डोळ्यांवर छाटा, पुढची फुलं नव्या फुटव्यावरच येतात.