काठमांडूला पहिल्यांदा जाताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून तीन-चार दिवसांसाठी प्रथमच काठमांडूला विमानाने जाणाऱ्या प्रौढांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. केवळ आधारकार्डावर विसंबू नये. उतरल्यावर घड्याळ 15 मिनिटे पुढे करावे. आपले 100 रुपये म्हणजे तेथील 160, म्हणून दुकानदाराने सांगितलेला भाव ‘भारू’ की ‘नेरू’, म्हणजे भारतीय की नेपाळी रुपयांतला, हे आधी विचारून घ्यावे. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत. पायातली अथणीची चप्पल सवयीने बाहेर काढली जाते, पण कमरेचा पट्टा आणि खिशातले पाकीट हमखास विसरते. गाभाऱ्यात पूजा करणारे भट्ट परंपरेने कर्नाटकातले असतात, त्यामुळे तिथे कन्नड कानी पडले तर नवल वाटू देऊ नये.