पावती मिळाली म्हणजे सूट मिळाली असं नाही

"मामा, इथे तर गांजा वय बघून विकतात, वर पावतीही देतात. मग भानगड कसली?" न्यू ब्रन्सविकला शिकायला आलेल्या भाच्याने मला गाडीत विचारलं.

भानगड अशी, की इथे डोक्यावर दोन सरकारं आहेत. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून एकविशी गाठलेल्या कुणालाही गांजा दुकानात मिळतो. हा राज्याचा कायदा. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यात ही सूट नाही, आणि तुमचा व्हिसा फेडरल सरकारच्या हातात. शेजारचा सिटिझन बाल्कनीत बसून ओढतो, ओढू दे. त्याला परत पाठवायला जागाच नाही!

किरकोळ प्रकरणं एरवी स्थानिक पोलीस आणि राज्याच्या कोर्टापुरती राहतात. पण जागा बदलली की कायदा बदलतो. उन्हाळ्यात आपली मंडळी डबे घेऊन सँडी हुकच्या किनाऱ्यावर जातात ना, ती जमीन नॅशनल पार्क सर्व्हिसची. तिथे खिशात एक जॉइंट (गांजाची सिगारेट) सापडला तरी गुन्हा फेडरल. पुलावरून न्यूयॉर्कला नेला, पोस्टाने पाठवला, तरी तेच. दोन्हीकडे दुकानं आहेत हे चालत नाही.

मोठ्या प्रकरणांत फरक फारच जीवघेणा. विकण्यासाठी ५०० ग्रॅम कोकेन बाळगलं की फेडरल कोर्टात किमान पाच वर्षं, आणि फेडरल शिक्षेत पॅरोल, म्हणजे मुदतीआधी सशर्त सुटका, नाही. राज्यात निकाल लागल्यावरही त्याच कृत्यासाठी फेडरल खटला भरता येतो; सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हे कायम ठेवलं.

मला खरी धास्ती गोळ्यांची. परीक्षेच्या रात्री रूममेटला आपली ॲडरॉलची (एकाग्रतेसाठी डॉक्टर लिहून देतात ती) एक गोळी फुकट दिली, तरी कायद्याच्या लेखी ते वाटपच. आणि आईने बॅगेत कोडीनचं (अफूच्या जातीचं) खोकल्याचं औषध कोंबलं असेल, तर मूळ बाटली आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवीच.

पकडले गेलात तर "कबूल कर, दंड भर, वर्षभरात रेकॉर्ड साफ" असं कुणीतरी सांगेल. ते राज्यापुरतं. पुढे केस रद्द झाली तरी इमिग्रेशनवाले कबुली आणि शिक्षा धरून बसतात. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या निकालानंतर देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका सांगणं क्रिमिनल वकिलावर बंधनकारक आहे, तरी इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा. त्याने कागद वाचल्याशिवाय सही करू नका.