खोटा धोका: टायपिंगचा प्रोग्राम क्वारंटाइनमध्ये गेला तेव्हा

बाबांच्या लॅपटॉपवर मराठी टायपिंगचा छोटा मुक्त-स्रोत प्रोग्राम टाकत होतो. इन्स्टॉलर अर्ध्यावर आला आणि अँटीव्हायरसची लाल चौकट: ‘ट्रोजन.जेनेरिक’. फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरसच्या बंदिस्त कोपऱ्यात, गेली. बाबा घाबरले, म्हणाले, "राहू दे रे, नको ते."

अँटीव्हायरस बंद करून टाकणं सोपं होतं, पण ते मी करणार नव्हतो. आधी नाव नीट वाचलं. ‘जेनेरिक’ किंवा ‘ह्युरिस्टिक’ असं दिसलं, तर बरेचदा ठरावीक व्हायरस सापडलेला नसतो. वागणूक संशयास्पद वाटलेली असते. टायपिंगचा प्रोग्राम प्रत्येक कळ पकडतो, कीलॉगरही (टाइप केलेलं चोरून टिपणारा प्रोग्राम) तेच करतो. त्यात निर्मात्याची ओळख पटवणारी डिजिटल सही नाही, वापरणारे थोडे. संशय येणारच!

फाइल कुठल्याशा डाउनलोड साइटवरची होती, ती पुसली. निर्मात्याच्या मूळ पानावरून नवी घेतली आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा चालवून एसएचए-२५६ काढला. हा फाइलचा ठसा, फाइल जराही बदलली तर तो बदलतो. पानावरची ६४ अक्षरं आणि स्क्रीनवरची, बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली, मी जुळवली. तंतोतंत. मग व्हायरसटोटलवर, म्हणजे अनेक अँटीव्हायरस इंजिनांकडून एकदम फाइल तपासून देणाऱ्या साइटवर, तपासलं: तीनच इंजिनांची तक्रार, तिन्ही नावं मोघम. नामांकित इंजिनं एकमुखाने एकच नाव घेत असती, तर मी तिथेच थांबलो असतो.

अँटीव्हायरसमध्ये अपवाद, म्हणजे ‘हे अडवू नको’ अशी सूट, फक्त त्या प्रोग्रामला दिला. अख्खं डाउनलोड्स फोल्डर वगळू नका, कृपा करून! फाइल अँटीव्हायरस कंपनीकडे ‘खोटा इशारा’ म्हणून पाठवली. चौथ्या दिवशी अपडेट आलं, अपवाद काढला, चौकट परत आली नाही.