स्वतः बांधलेला कर्नल बूट होत नसेल तर: यंत्र कुठे थांबले ते आधी ठरवा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत एखाद्या जुन्या मिलिंग यंत्राला नवे नियंत्रण बसवायचे ठरले, की लिनक्ससीएनसीचा, म्हणजे लिनक्सवरून यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विचार होतो आणि त्यासाठी रिअल-टाइम कर्नल, म्हणजे कामे ठरल्या वेळेत करणारा लिनक्सचा गाभा, लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून ‘प्रीएम्प्ट-आरटी’ ही रिअल-टाइमची सोय मूळ कर्नलमध्येच समाविष्ट झाली असल्यामुळे वेगळा पॅच लावण्याची गरज उरलेली नाही आणि हाताशी असलेल्या संगणकावर स्वतःच कर्नल कंपाइल करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. कंपाइल तर निर्विघ्न होते, पण रीस्टार्ट केल्यावर पडदा काळा राहतो किंवा ‘कर्नल पॅनिक’ असा संदेश येऊन सगळे थिजते. अशा वेळी बहुतेक जण लगेच मेन्यूकॉन्फिग, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडण्याचा मेन्यू, उघडून अंदाजाने चार पर्याय बदलतात आणि पुन्हा कंपाइलला लावतात. वर्कशॉपमधल्या जुन्या संगणकावर यात अर्धा दिवस सहज जातो आणि हाती काही लागत नाही. कोणता पर्याय गहाळ आहे हे नाव घेऊन सांगता येत नाही, तोवर पुन्हा कंपाइल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बूट ही एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी प्रक्रिया आहे. फर्मवेअर (बायोस किंवा यूईएफआय) ग्रब या बूटलोडरला सुरू करते. ग्रब कर्नल आणि इनिट-रॅमएफएस (बूटपुरती लागणारी छोटी फाइल सिस्टम) या दोन फाइली मेमरीत ठेवतो. कर्नल हार्डवेअर ओळखतो आणि इनिट-रॅमएफएसमधला ‘/इनिट’ चालवतो, तो खरे रूट विभाजन (डिस्कवरचा मुख्य भाग) शोधून माउंट करतो, म्हणजे वापरासाठी जोडतो, आणि शेवटी सूत्रे सिस्टमडीकडे, म्हणजे बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडे, जातात. यांपैकी कोणत्या टप्प्यावर गाडी अडली ते कळले, की संशयितांची यादी हजारो पर्यायांवरून पाच-सहावर येते.

आधी परतीची वाट

जुना, चालणारा कर्नल कधीही काढू नये. ग्रबचा मेन्यू दिसत नसेल तर जुन्या बायोसवर शिफ्ट आणि यूईएफआयवर एस्केप दाबून तो आणावा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडावा आणि यंत्र नेहमीसारखे चालते याची आधी खात्री करून घ्यावी. डेबियन किंवा उबुंटूवर ‘मेक बिनडेब-पीकेजी’ने डेब पॅकेज बांधून ते बसवणे मला सर्वांत सुरक्षित वाटते, कारण फसलेला कर्नल मग एका आज्ञेत पूर्ण निघतो आणि मॉड्यूल (कर्नलचे गरजेपुरते लोड होणारे भाग) मागे रेंगाळत नाहीत.

यंत्र कागलच्या शेडमध्ये आणि आपण राजारामपुरीत असू, तर नवा कर्नल एकदाच वापरून पाहण्याची सोय करावी. ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘ग्रब-डिफॉल्ट’ची किंमत ‘सेव्हड’ ठेवावी, जुना कर्नल कायमचा ठरवावा, ‘ग्रब-रीबूट’ने फक्त पुढच्या वेळेपुरता नवा कर्नल निवडावा आणि त्याच्या बूट ओळीत ‘पॅनिक=१०’ जोडावे. नव्या कर्नलने पॅनिक केले तर दहा सेकंदांनी यंत्र आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्यावर परत येते. यात दोन मर्यादा आहेत. कर्नल पॅनिक न करता नुसताच अडकला, तर दहा सेकंद मोजणारे कोणी नसते. शिवाय ‘/बूट’ (कर्नलच्या फाइलींचा फोल्डर) जर एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेड यांसारख्या डिस्क-रचनेवर असेल, तर ग्रबला ‘एकदाच’ची नोंद पुसता येत नाही आणि यंत्र त्याच फसलेल्या कर्नलवर फिरत राहते.

ग्रबच अडवत असेल तर

नव्या कर्नलची नोंद मेन्यूत नसेल तर ‘अपडेट-ग्रब’ चालवावे, एवढेच. ‘बॅड शिम सिग्नेचर’ आणि त्याखाली ‘यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट’ असे आले, तर कर्नलमध्ये दोष नाही, सिक्युअर बूट त्याला सहीअभावी नाकारत आहे. कर्नलवर स्वतःच्या किल्लीने सही करून ती किल्ली ‘मॉकयुटिल’ने नोंदवावी किंवा फर्मवेअरमधून सिक्युअर बूट बंद करावे. केवळ यंत्र चालवणाऱ्या संगणकावर दुसरा मार्ग स्वीकारायला हरकत नाही.

‘प्रीमॅच्युअर एंड ऑफ फाइल’ हा संदेश फाइल अर्धवट लिहिली गेल्याचा आहे. ‘/बूट’ भरलेले असणे हे त्याचे नेहमीचे कारण, आणि पावसाळ्यात आपल्याकडे दुसरेही: फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली. इन्स्टॉल झाल्यावर ‘सिंक’ आज्ञा द्यावी आणि ‘/बूट’मधल्या फाइलींचे आकार जुन्या कर्नलच्या फाइलींशी ताडून पाहावेत. हे पाहताना नवी इनिट-रॅमएफएस जुनीच्या कितीतरी पट मोठी दिसली, तर मॉड्यूलमध्ये डीबगची माहिती तशीच राहिली आहे. ‘मेक मॉड्यूल्स-इन्स्टॉल’ला ‘इन्स्टॉल-मॉड-स्ट्रिप=१’ जोडल्यास ती छाटली जाते. फुगलेल्या फाइलीमुळे ग्रब ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणूनही थांबतो.

पडदा काळा, पण यंत्र मेले आहे का?

‘लोडिंग इनिशियल रॅमडिस्क’नंतर काहीच दिसत नसेल, तर पहिली चाचणी कीबोर्डवर करावी. कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नलने पॅनिक केले आहे; हा संकेत प्रामुख्याने पीएस-टू कीबोर्डवर आणि लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डवर मिळतो. कळ दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे आणि फक्त चित्र येत नाही. यांपैकी काहीच घडत नसेल, तर कर्नल फार आधीच अडकला असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या संगणकावरून पिंग किंवा एसएसएच करून पाहणे ही याचीच दुसरी बाजू.

चित्रच येत नसेल तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीतून ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ काढावे आणि ‘नोमोडसेट’ व ‘इग्नोर-लॉगलेव्हल’ जोडावे. यूईएफआय यंत्रावर ‘अर्लीकॉन=ईएफआयएफबी’ आणि त्यासोबत ‘कीप-बूटकॉन’ दिल्यास फर्मवेअरच्याच फ्रेमबफरवर (पडद्याच्या चित्राची मेमरी) सुरुवातीचे संदेश दिसतात. एवढे करून चित्र आले, तर कॉन्फिगमध्ये ‘सिंपल-डीआरएम’ आणि ‘फ्रेमबफर कन्सोल’ आहेत का ते तपासावे. ग्राफिक्स ड्रायव्हर मॉड्यूलऐवजी कर्नलमध्येच बांधला असेल, तर तो रूट माउंट होण्याआधीच आपली फर्मवेअर फाइल मागतो आणि ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड, एरर उणे २’ म्हणून हात टेकतो. तो मॉड्यूल करावा. एनव्हिडियाचा स्वतंत्र ड्रायव्हर रिअल-टाइम कर्नलवर बांधायलाच नकार देतो. त्याला बळेच बसवण्यापेक्षा मदरबोर्डवरचे ग्राफिक्स वापरणे सीएनसीसाठी अधिक हितावह आहे.

उद्यमनगरातल्या जुन्या संगणकांचा इथे एक मोठा फायदा आहे: त्यांच्या मागे अजून सिरियल पोर्ट असतो. नल-मोडेम केबल लावून बूट ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ आणि ‘कन्सोल=टीटीवाय०’ लिहिले, की कर्नलचा शब्द न् शब्द दुसऱ्या संगणकावर जमा होतो. सिरियल पोर्ट नसेल तर मोबाइलने पडद्याचे स्लो-मोशन चित्रीकरण करावे. शेवटच्या ओळीइतक्याच तिच्या वरच्या पंधरा-वीस ओळी महत्त्वाच्या असतात आणि त्या डोळ्यांनी पकडता येत नाहीत.

‘अनेबल टू माउंट रूट एफएस’

सर्वाधिक भेटणारा आणि सर्वाधिक चुकीचा वाचला जाणारा संदेश हा: ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. तो पाहताच डिस्कचा ड्रायव्हर गेला असा निष्कर्ष काढला जातो. पण आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इनिट-रॅमएफएस नीट उघडली असेल आणि तिच्यात ‘/इनिट’ असेल, तर रूट माउंट करण्याचे काम कर्नल स्वतः करतच नाही. म्हणजे हा संदेश दिसला याचाच अर्थ कर्नलला इनिट-रॅमएफएस मिळाली नाही किंवा उघडता आली नाही. वितरणांच्या नेहमीच्या रचनेत तपास इथूनच सुरू व्हावा.

ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘इनिटआरडी’ची ओळ आहे का आणि तिच्यातली आवृत्ती कर्नलच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळते का, हे पाहावे. नसेल तर जुन्या कर्नलवरून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलची आवृत्ती देऊन ती तयार करावी. ओळ असूनही पॅनिक येत असेल, तर वरच्या ओळींत ‘इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड’ शोधावे. कॉन्फिग छाटताना एखादी संक्षेप पद्धत काढली जाते आणि फाइल नेमकी त्याच पद्धतीने आवळलेली असते. अलीकडच्या उबुंटूत ती झेडएसटीडीने आवळलेली असते, म्हणून ‘आरडी-झेडएसटीडी’ हवेच.

कंसातले दोन आकडेही बोलतात. (०,०) म्हणजे रूटसाठी दिलेल्या नावावरून कोणतेही उपकरण कर्नलला ठरवता आले नाही. (८,२) असेल तर ८ हा साटा डिस्कचा मेजर क्रमांक, म्हणजे एसडीए-२ हे विभाजन सापडले आहे, फक्त त्यावरची फाइल सिस्टम ओळखता आलेली नाही. ‘ईएक्सटी४’ किंवा ‘बीटीआरएफएस’ बांधले आहे का ते पाहावे. एनव्हीएमई विभाजनांसाठी बहुधा २५९ दिसतो. पॅनिकच्या अगदी वर कर्नल उपलब्ध विभाजनांची यादी छापतो. त्या यादीत आपली डिस्कच नसेल तरच ड्रायव्हरवर संशय घ्यावा: साटासाठी एएचसीआय, एनव्हीएमईसाठी त्याचा ब्लॉक ड्रायव्हर, आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी (डिस्क आणि कर्नल यांच्यामध्ये बसणारा इंटेलचा नियंत्रक). हा शेवटचा पर्याय नसेल तर फर्मवेअरमध्ये व्हीएमडी चालू असलेल्या यंत्रावर एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही आणि माणूस एनव्हीएमईचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

मुद्दाम इनिट-रॅमएफएसशिवाय बूट करणाऱ्यांनी एक नियम पाळावा. फाइल सिस्टमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) कर्नलला समजत नाही. ते काम इनिट-रॅमएफएसमधल्या साधनांचे आहे. कर्नलला विभाजनाचा पार्टयूयूआयडी समजतो. तेव्हा ‘रूट=पार्टयूयूआयडी=’ असेच लिहावे आणि डिस्क व फाइल सिस्टमचे ड्रायव्हर ‘एम’ (मॉड्यूल) ऐवजी ‘वाय’ (कर्नलमध्येच बांधलेले) ठेवावेत.

इनिट-रॅमएफएसच्या शेलमध्ये आल्यास

‘अलर्ट! यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट. ड्रॉपिंग टू अ शेल!’ ही खरे तर बरी बातमी आहे, कारण कर्नल आणि इनिट-रॅमएफएस दोन्ही चालले आणि विचारपूस करायला शेलही मिळाला. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ने रूटचे नाव बघावे, ‘ब्लकआयडी’ने डिस्क दिसते का ते पाहावे, आणि ‘कॅट /प्रॉक/मॉड्यूल्स’ने काय लोड झाले ते तपासावे. मॉड्यूलची यादी जवळजवळ रिकामी असेल तर बहुधा इन्स्टॉलचा क्रम उलटला आहे. ‘मेक मॉड्यूल्स-इन्स्टॉल’ आधी आणि ‘मेक इन्स्टॉल’ नंतर, हाच क्रम हवा, कारण दुसरी आज्ञा इनिट-रॅमएफएस बनवते आणि त्या वेळी ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये जे असेल तेच तिच्यात जाते. जुन्या कर्नलवरून ‘एलएसइनिटरॅमएफएस’ने आतली यादी आधीच पाहता येते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर डीएम-क्रिप्टइतकाच कीबोर्डचा ड्रायव्हरही आवश्यक आहे; पासवर्ड विचारला जातो आणि एकही अक्षर उमटत नाही, अशी अवस्था त्याच्या अभावी होते.

‘फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट (एरर उणे ८)’ असे आले, तर कर्नलला त्या फाइलीचा प्रकारच चालवता येत नाही. उबुंटू-डेबियनमधला ‘/इनिट’ ही सहसा शेल स्क्रिप्ट असते, म्हणून ‘बिनएफएमटी-स्क्रिप्ट’ आणि ‘बिनएफएमटी-ईएलएफ’ दोन्ही लागतात.

रूट मिळाले, तरी ‘इमर्जन्सी मोड’

हा प्रकार ‘लोकलमॉडकॉन्फिग’ वापरणाऱ्यांना फार छळतो. ही सोय त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल तेवढीच ठेवते. ‘/बूट/ईएफआय’ हे विभाजन व्हीफॅट असते, आणि ते त्या वेळी माउंट नसेल तर व्हीफॅटसोबत कोडपेज ४३७ आणि आयएसओ ८८५९-१ हे अक्षरसंचही गळतात. मग सिस्टमडी एफएसटॅबमधली (माउंट करायच्या विभाजनांची यादी) ती ओळ पूर्ण करू शकत नाही आणि बूट थांबवतो. ‘जर्नलसीटीएल -एक्सबी’मध्ये ‘आयओ कॅरसेट आयएसओ८८५९-१ नॉट फाउंड’ अशी ओळ मिळते. म्हणून लोकलमॉडकॉन्फिगपूर्वी सर्व विभाजने माउंट करावीत आणि लागणारी प्रत्येक यूएसबी वस्तू, सीएनसीचे पेंडंटसुद्धा, जोडून ठेवावी.

मेन्यूकॉन्फिगमध्ये एक पर्याय बदलला की त्याच्याशी न जुळणारे दुसरे पर्याय काही न सांगता नाहीसे होतात, आणि ‘प्रीएम्प्ट-आरटी’ चालू करताना हे विशेषतः तपासावे लागते. वितरणाच्या चालणाऱ्या कर्नलची कॉन्फिग ‘/बूट’मध्ये असतेच. कर्नलच्या सोर्समधली ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग’ ही स्क्रिप्ट ती आणि आपली नवी कॉन्फिग यांतला फरक ओळीओळीने दाखवते. थांबलेला टप्पा माहीत असताना हा फरक वाचला, तर गहाळ पर्याय बहुधा तिथेच सापडतो. तो परत चालू करून, तेवढाच बदल ठेवून कंपाइल करावे. सोर्सचे झाड पुसलेले नसेल, तर बदललेला भागच बांधला जातो आणि या वेळी अर्धा दिवस जात नाही.